हौदात कोणते मासे सोडायचे?

संपादक महोदय,
पावसाळा आला की डेंग्यूच्या धास्तीने पुण्यात बंगल्याबंगल्यात हौदात नाहीतर कमळाच्या टाकीत मासे सोडायची टूम निघते, चांगलंच आहे, पण दुकानदार पिशवीत घालून देईल ते आणू नका हो. कोई हा रंगीत जपानी मासा दिसतो झकास, पण वाढतो 2 फुटांपर्यंत, त्याला खोल पाणी आणि दणकट फिल्टर लागतो, आपल्या छोट्या हौदात त्याचे नुसते हाल. गोल्डफिश पण घाण फार करतात. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी पुरेत, फक्त पिल्लं इतकी देतात की शेजाऱ्यांना वाटत बसा. पण जास्त झाले म्हणून मुठेत नाहीतर पाषाण तलावात ओतायचे नाहीत, बाहेरचे मासे इथल्या माशांच्या मुळावर येतात, तिलापिया आधीच माजलाय! थाई मांगूर हा परदेशी मासा तर पाळायलाच बंदी आहे.
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते एक-दोन दिवस उघडं ठेवून मग मासे सोडा आणि वर जाळी टाका, आमच्याकडे खंड्या सकाळीच पेरूच्या फांदीवर टपून असतो. दुकानांनी टाकीवर किमतीसोबत मासा किती वाढतो तेवढं लिहिलं तरी खूप झालं.
– एक वाचक, पुणे