पुढच्या साथीत कोल्हापूरशी कोण बोलणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री तथा पालकमंत्री, कोल्हापूर

स.न.वि.वि.

मंगळवार पेठेत माझं मेडिकल दुकान आहे. मागणी एकच, ती आधीच सांगून टाकतो. संसर्गजन्य आजारांचा एक जाणकार डॉक्टर जिल्ह्यासाठी आत्ताच नेमून ठेवा. साथ आली की त्यानं कोल्हापूरकरांशी रोज बोलावं, आणि साथ नसतानाही बोलत राहावं.

१६ जून २०२० ला कोरोनावरची औषधं तपासणाऱ्या इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्तातलं स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. यातला पहिला भाग शिरोळपासून चंदगडपर्यंत पोचला, शेवटचा वाटेतच गळाला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये लोक काउंटरवर मोबाईल पुढं करायचे. त्यात भलत्याच कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो, पेशंटचं नाव अर्धं कापलेलं, तारीख पंधरवड्यापूर्वीची आणि मधोमध स्टेरॉइड. “पाव्हण्याला ह्यानंच उतार पडलाय, मलाबी द्या की.” ताप कालपासूनचा, ऑक्सिजन ९८. नाही म्हटलं की गडी तणतणत पुढच्या दुकानात. माल दाबून ठेवलाय, असंच त्याला वाटायचं. दुकानदाराच्या नकाराला किंमत ती किती! पुढं म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले, तेव्हा मधुमेह आणि वाटेल तशी घेतलेली स्टेरॉइडं यांचं नातं पेपरांतून छापून आलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माहिती येत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी तालुकानिहाय तक्ता यायचा, नवे बाधित, बरे झालेले, मयत. त्याचा अर्थ लावून द्यायला कुणी नव्हतं. जून २०२१ मध्ये सरकारनं पॉझिटिव्हिटी रेट (शंभर चाचण्यांत बाधित किती) आणि ऑक्सिजन बेड यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर केले. आपण चौथ्यात. मुंबईत दुपारी चारपर्यंत दुकानं उघडी आणि इथं महाद्वार रोडची शटरं खाली. व्यापारी रस्त्यावर आले, कोल्हापूरवरच राग का, असं विचारू लागले. तशात २५ जूनला नवा आदेश, की आता दर फक्त आरटीपीसीआरवरून धरायचा. अँटिजेन चाचणीत काही बाधित निसटतात, म्हणून ती मिसळली की दर कमी दिसतो. दोन वाक्यांत संपणारी गोष्ट. पण ती कोल्हापुरात कुणी लोकांसमोर बसून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला आकडा कळत नाही, असं कुणी म्हणू नये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथलं शाळकरी पोरसुद्धा सांगतं. कुठल्या आकड्याला काय करायचं, जनावरं कधी हलवायची, हे दर पावसाळ्यात सांगितलं जातं, म्हणून ते अंगवळणी पडलंय. पॉझिटिव्हिटी रेटच्या नशिबी हे आलं नाही.

जाणकार होते. डॉ. रमण गंगाखेडकर आयसीएमआरतर्फे, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे, दिल्लीतून बोलायचे, तेव्हा घरातले टीव्हीचा आवाज वाढवायचे. राज्यात डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स होता. पण ही मंडळी दिल्ली-मुंबईची. आमच्या गल्लीतला प्रश्न त्यांच्यापर्यंत जाणार कसा? जर्मनीत ख्रिस्टियान ड्रोस्टेन या विषाणूतज्ज्ञानं २६ फेब्रुवारी २०२० पासून सार्वजनिक रेडिओच्या पॉडकास्टवर बोलायला सुरुवात केली. नवा अभ्यास आला की तो उलगडून सांगायचा, कच्चे दुवे दाखवायचा. आपल्याकडं आधी निरोग्यांना मास्कची गरज नाही म्हणाले, एप्रिल २०२० मध्ये घरगुती मास्क बांधा म्हणाले. मत बदललं यात वावगं काही नाही. का बदललं हे नीट न सांगितल्यानं “डॉक्टरलाच काय कळंना” हे वाक्य गावभर झालं, आणि लसीच्या वेळी तेच आडवं आलं.

साहेब, आपण राधानगरीचे आणि वैद्यकीय शिक्षण खातं ज्यांच्याकडं आहे ते मुश्रीफ साहेब कागलचे. जिल्ह्याचा सर्वेक्षण अधिकारी आपल्या खात्याचा, सीपीआर या सरकारी दवाखान्याचं मेडिकल कॉलेज त्यांच्या खात्याचं. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर अडली, ही सबब निदान कोल्हापुरात चालायची नाही. या दोन्हीकडून एक मुख्य आणि एक बदली, अशी दोन नावं जाहीर करा. आकाशवाणी कोल्हापूरवर आठवड्यातून एक ठरलेली वेळ घ्या. निर्बंध जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावेत, आजाराबद्दल मात्र या डॉक्टरनंच बोलावं. “हे अजून कळलेलं नाही” असं म्हणायला त्याला मंत्रालयात फोन करावा लागू नये. आणि खरं बोलला म्हणून त्याची बदली होणार नाही, एवढं लेखी द्या.

वाट पाहायला वेळ आहे असंही नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ती पाण्यामुळं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तर तो चिकनमुळं होतो या धास्तीनं इथं माझ्या दुकानात चिकन खायचं का म्हणून विचारणा. (तांबडा-पांढरा मटणाचा असतो, त्यामुळं शहर वाचलं म्हणायचं.)

पहिल्या कार्यक्रमाचा विषय मीच सुचवतो. पूर ओसरला की लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीनं लोक डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मागायला येतात, घरातल्या सगळ्यांसाठी एकदम. ती कुणी घ्यायची, किती, आणि गरोदर बायकांना व आठ वर्षांखालच्या पोरांना सरसकट का द्यायची नाही, हे पंचगंगा ३९ फुटांवर जायच्या आत सांगायला लावा.

आपला,
मंगळवार पेठेतील एक औषध दुकानदार