"कितवा दिवस?" विचारणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला चतुर्थीनंतर कळलं. दवाखान्यात गेलो तर खुर्चीवर दुसऱ्या बाई. समोर बसून बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही. देवगडात ओळखणारे ओळखतील.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ काढली तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो. गाठ गेली, पण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार करा म्हणून वृषणांना सांगणारे संदेशही थांबले. सकाळी उपाशीपोटी दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा प्रमाण फार कमी. शहरातल्या डॉक्टरांनी दर ३ आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लिहून दिलं. (या उपचाराने शुक्रजंतू तयार होणं थांबू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. मला दोन मुलं आहेत. पण मूल हवं असलेल्या तरुणाने हे सुरू करण्याआधी विचारायलाच हवं.)

पहिल्या दिवशी बाकावर गावची सात-आठ माणसं होती. तुम्ही चिठ्ठी मनातल्या मनात वाचलीत, पडदा ओढलात आणि "या आत" एवढंच म्हणालात. मी शरमेने अर्धा झालो होतो, सिस्टर. त्या पडद्याचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे मात्र सगळं बिनसलं. इंजेक्शननंतर चार-पाच दिवस झोप नाही, घरच्यांवर नुसती चिडचिड. पंधरवडा उलटला की आंबा काढायची लांब काठी, आमची घळ, उचलवत नसे. टेस्टोस्टेरॉनचा एक रिपोर्ट १३००च्या वर, दुसरा २१०. कुणी म्हणे डोस जास्त होतोय, कुणी म्हणे कमी. मी शहरातल्या डॉक्टरांना न विचारता तेच इंजेक्शन दुसरीकडून दर १० दिवसांनी घेऊ लागलो. चूक माझीच.

चार महिन्यांनी तुम्ही माझा लालबुंद चेहरा पाहिलात आणि सगळे कागद मागून घेतलेत. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून विचारलंत, "रक्त दिलंत तो इंजेक्शननंतरचा कितवा दिवस?" पहिलं तिसऱ्या दिवशी दिलं होतं, दुसरं विसाव्या. एक चढाचा माथा, दुसरा उताराचा तळ. हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता! मग तुम्ही रागावलात, "कल्टार घालतास तेव्हा कलमाचो घेर मोजतास मां? मग ह्यां कित्याक डोळे मिटून घेतास?" खरंच, मोहोरासाठी कलमाच्या मुळाशी घालायच्या या औषधाचा, पसाऱ्याच्या मीटरला ३ मिली, हा हिशेब मी एका झाडालाही चुकवत नाही.

डोस तुम्ही स्वतः बदलला नाहीत. माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावलात आणि दुसऱ्याच दिवशी रक्त द्यायला लावलंत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, ५६ निघालं. ५४च्या वर गेलं की उपचार थांबवतात, कारण रक्त घट्ट होतं आणि गुठळीची भीती असते. माझी इंजेक्शनं बंद झाली. ते महिने फार जड गेले. फवारणीला माणसं लावली, मी पडवीत पडून. तुम्ही दर आठवड्याला फोन करत होतात.

रक्त ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी दर आठवड्याला ८० मिलिग्रॅम सुरू केलं. गंमत म्हणजे तीन आठवड्यांच्या मूळ २५० चे तीन भाग केले तर साधारण तेवढेच होतात. औषध जवळपास तेच, फक्त वाटून दिलेलं. ते दाट तेल जाड सुईने ओढून बारीक सुईने ०.३२ मिली टोचायचं, आणि अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, एकदा फोडलं की उरलेलं टाकायचं, हे तुमच्याकडूनच शिकलो. कालनिर्णयवर दर गुरुवारी मी टिंब करतो. दोन टिंबांच्या मधल्या दिवशी रक्त दिलं, ४८० आलं. हिमॅटोक्रिट ४८. मुख्य म्हणजे आता चांगले दिवस नि वाईट दिवस असं काही उरलेलं नाही. आमच्या हिला विचारा, तीच सांगेल.

परवाच्या गुरुवारी नव्या बाईंकडे गेलो. बाक भरलेलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पडदा ओढला आणि हळूच विचारलं, "आज सातवा दिवस ना?" जाताना तुम्ही त्यांना सांगून गेला होतात, हे तेव्हा कळलं.

आपला,
कलमांच्या बागेतला गुरुवारचा पेशंट