मागच्या रांगेतल्या मुलांनाही इंजिन दिसावे

महोदय,

परभणी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. आमच्या कार्यशाळेत फोर-स्ट्रोक इंजिनाचे एकच कट-सेक्शन (आतले भाग दिसावेत म्हणून कापलेले) मॉडेल आहे आणि त्याभोवती तीस मुले जमली की मागच्यांना पुढच्यांच्या मानाच तेवढ्या दिसतात. गेल्या सत्रात मी कागदावर छापलेले एक खूणचित्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरले, तेव्हा पडद्यावर तेच इंजिन उभे राहिले. कागद फिरवताच पिस्टन वर येताना कोणता व्हॉल्व्ह मिटतो, हे मुलांना सर्व बाजूंनी पाहता आले. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकीय चित्र उभे करण्याचे हे तंत्र, केवळ करमणूक नव्हे. १९९० च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीतील संशोधकांनी तिला हे नाव दिले, तेच मुळी विमानातील तारांची जुळणी सोपी करण्यासाठी ती वापरताना.

नट आवळण्याचा सराव अर्थातच खऱ्या इंजिनावर व्हायला हवा. खरी अडचण फोनची आहे. फोनवर अशी चित्रे उभी करणारी गूगलची एआरकोर प्रणाली प्रत्येक अँड्रॉइड फोनवर चालत नाही, आणि अनेक मुलांच्या घरी असलेला एकुलता फोन सोयाबीनच्या काढणीत वडिलांबरोबर शेतात असतो. म्हणून तंत्रशिक्षण संचालनालयाने तंत्रनिकेतनातील प्रत्येक विभागाला निदान चार टॅबलेट आणि इंटरनेटविना चालणारे मराठी पाठ पुरवावेत, ही विनंती.

– एक अधिव्याख्याता, परभणी