आधी वारा बघ, मग कॅमेरा उचल

प्रिय मंजू,

तुझे उडत्या पक्ष्यांचे फोटो मिळाले. एकात नुसती शेपटी, दुसऱ्यात भरपूर आकाश आणि कोपऱ्यात पंखाचं टोक. तिसऱ्यात पक्षी आहे खरा, पण ती घार आहे हे तुझ्या शब्दावर मानून घ्यावं लागतं! वर तुझा प्रश्न, यात कॅमेऱ्याचा दोष किती आणि माझा किती. कॅमेऱ्याचा जवळजवळ नाहीच. तुझाही फार नाही गं. फांदीवर बसलेले पक्षी तू इतकी वर्षं छान टिपलेस, आणि तीच सवय घेऊन उडत्या पक्ष्याकडे वळलीस. बसलेला पक्षी दिसला की कॅमेरा उचलायचा, हे तिथे चालतं. उडता पक्षी दिसल्यावर उचललास तर फोकस लागेपर्यंत तो पाठ दाखवून निघालेला असतो. तो कुठून येणार, कुठे वळणार, हे आधी ओळखता आलं पाहिजे. म्हणून सेटिंगबद्दल कामापुरतंच लिहिते आणि वाऱ्याबद्दल जास्त, कंटाळू नकोस.

सेटिंगचं आधी उरकू. मॅन्युअल मोड (सेटिंग आपणच ठरवायची), अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक) तुझ्या लेन्सचं सगळ्यात मोठं, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/२००० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटो. सुरुवातीला एवढंच. बगळा किंवा चित्रबलाक असा संथ पंख मारणारा असेल तर १/१२५० वरही भागतं, पाकोळी-भिंगऱ्यांना १/३२०० सुद्धा कमी वाटेल. (पाकोळ्यांच्या नादी इतक्यात लागू नकोस, उत्साह पार मावळेल.) आता हिशोब बघ. ताशी ३६ किलोमीटरनं जाणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जातो. १/५०० सेकंदात तो २ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो, १/२५०० मध्ये ४ मिलिमीटर. त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवलास तर धडाची ही हालचाल बरीचशी खोडली जाते, पण वरखाली होणाऱ्या पंखांची नाही. डोळा स्वच्छ आणि पंख पुसट असे तुझे दोन फोटो आलेत ते यामुळेच. आयएसओ वाढला, दाणे दिसले, तर घाबरू नकोस. दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो काही केल्या सावरत नाही.

फोकस सततचा हवा, पक्षी हलला तरी त्याच्यामागे जाणारा. निकॉन आणि सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्व्हो. तुझ्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू ठेव, मोकळ्या आकाशात ती झकास चालते. मागे झाडी असली की ती कधीकधी पक्षी सोडून फांदीला चिकटते. तेव्हा फोकसचा भाग लहान करून मधला घे आणि पक्षी मध्ये ठेवायचं काम स्वतः कर. आणखी एक, आवाज नको म्हणून तू इलेक्ट्रॉनिक शटर लावलंयस ना? ज्या कॅमेऱ्यांचं सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, सावकाश वाचलं जातं त्यांच्यात अशा वेळी भरभर हलणारे पंख वाकडे येतात. तुझ्या त्या कबुतराचा पंख मोडलेला नव्हता बरं का. मेकॅनिकल शटर लाव.

उजेडाचं जरा सविस्तर सांगते, कारण तुझी घार काळीकुट्ट का आली ते यात आहे. कॅमेरा सगळी फ्रेम मोजतो. मागे पांढरं आकाश असलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो पक्ष्याला अंधारात ढकलतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वर घे, कधी दीड स्टॉपही. पांढरा बगळा काळोख्या झाडीपुढून जात असेल तर उलट खाली आण, नाहीतर त्याच्या पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो. पण पक्षी झाडीपुढून निघून आकाशात गेला तर? मध्येच चाक फिरवायला वेळ कुठला? म्हणून ऊन एकसारखं असेल तेव्हा मी आयएसओही स्वतःच ठरवते आणि मग कशालाच हात लावत नाही. पक्ष्याच्या मागचं दृश्य बदललं तरी त्याच्या अंगावर पडणारं ऊन तेच असतं. ढग येत-जात असतील त्या दिवशी मात्र ऑटो बरा.

आता वारा. पक्षी शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडतात आणि वाऱ्याला सामोरे जाऊनच उतरतात, कारण त्यामुळे पंखांना आयती उचल मिळते. म्हणजे वारा तुझ्या पाठीवर येत असेल तर उडणारे आणि उतरणारे पक्षी तुझ्याकडे तोंड करून असतील. त्याच बाजूला सूर्यही असेल तर त्या सकाळी घरची सगळी कामं सोडून बाहेर पड. वारा समोरून येत असेल तर दिवसभर पाठी आणि शेपट्याच मिळणार, मग लेन्स कितीही भारी असो. अशा वेळी जागा बदलायची, पाणी ओलांडून पलीकडच्या काठाला जायचं, किंवा सरळ दुर्बीण काढून नुसतं बघत बसायचं. बाहेर पडल्यावर मी आधी वाळक्या गवताची चिमूट हवेत सोडते. लोक बघतात, बघू देत.

वाऱ्यानंतर पक्ष्याच्या खोडी. उडायच्या बेतात असलेला पक्षी बहुधा तसं सांगतो. पुढे झुकतो, पाय जरा दुमडतो, आणि पुष्कळदा आधी शिटतो. थवा असेल तर माना वर होतात. हे दिसलं की बटण अर्धं दाबून तयार राहा. पाणकावळा पाण्यावरून उठताना पंख फडफडवत बराच धावतो, म्हणजे तुला सावरायला वेळ मिळतो. वेडा राघू माशी पकडून वारंवार त्याच काटकीवर परत येतो. काटकीच्या जरा अलीकडे फोकस करून ठेव, डोळा व्ह्यूफाइंडरला लाव आणि थांब. सुरय पाण्यात सूर मारण्याआधी हवेत एका जागी फडफडतो, तेच तुझे दोन-तीन सेकंद.

आणि घार. शिकायला घारीइतका दयाळू पक्षी नाही. ती मोठी, संथ, आणि गोल फिरत पुन्हा त्याच बाजूला येणारी. फार उंच नसेल तर नीट बघ. घिरटी घेताना ती आतल्या बाजूला कलते. घिरटीच्या तुझ्याकडच्या बाजूला असते तेव्हा पोट दिसतं, पलीकडच्या बाजूला गेली की पाठ आणि पंखांची वरची बाजू दिसते, तीही उन्हात. लोक जवळ येताच बटण दाबून मोकळे होतात आणि पलीकडचा हा क्षण सोडून देतात. दोन घिरट्या नुसत्या बघ, तिसरीला कॅमेरा उचल.

जवळचा पक्षी सोपा असतो हाही एक गैरसमज. ४०० मिलिमीटर लेन्स, अॅपर्चर एफ ५.६, पक्षी २० मीटरवर, तर फोकसमध्ये राहणारी जाडी, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, साधारण ८० सेंटीमीटर. तोच पक्षी १० मीटरवर आला की जेमतेम २० सेंटीमीटर. एक पंख धारदार आणि दुसरा पुसट येतो तो याच कारणानं. डोळा स्पष्ट असेल तर तो फोटो ठेव.

पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही म्हणतेस. ४०० च्या लेन्सला आकाशाचा सहा-एक अंशांचा तुकडा दिसतो, हात लांब करून धरलेल्या मुठीहूनही लहान. सुरुवातच पूर्ण झूम करून केलीस तर शोधणार कशी? झूम मागे घे, पक्षी पकड, फोकस लागू दे, मग आत ये. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्यापाशी आणायचा, खाली बघून नव्हे. पाय तिकडे रोखून उभी राहा जिथे तो शेवटी पोचणार आहे, आणि कमरेतून मागे वळून त्याची वाट बघ. कोपरं बरगड्यांना टेकलेली. बटण दाबल्यावरही फिरत राहायचं, गोलंदाजाचा हात चेंडू सुटल्यावर थांबत नाही तसं. ही सगळी मुळात बंदूकवाल्यांची कसरत आहे. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं तर १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेराच बनवला होता, सेकंदाला १२ चित्रं घेणारा, आणि त्यानं तो उडत्या पक्ष्यांवर रोखला. आज तुझ्या हातातलं यंत्रही बहुधा तेवढं करत असेल. पण म्हणून बटण दाबून धरू नकोस, पंख वर जाताना सलग फोटोंचा छोटा झपाटा पुरे. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना पक्षी भरदार दिसतो, मध्ये असताना समोरून नुसती रेघ.

भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचे फोटो काढू नकोस, हवाच थरथरते आणि आपण उगाच फोकसला बोल लावत बसतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पंखांच्या खालपर्यंत पोचतं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडेन. बसलेला थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणं, धावत जाणं, खडा मारणं, हे तुझ्या बरोबरच्या त्या मंडळींनी केलं असं लिहिलंयस. त्यांच्याबरोबर जाऊ नकोस. लांबून आलेल्या पक्ष्याला ती एक उडीही महाग पडते, आणि घरट्यावरून उठवलेल्याची अंडी तेवढा वेळ उघडी पडतात. शिवाय घाबरून उडालेले पक्षी तुझ्यापासून दूरच जातात, म्हणजे फोटोही पाठीचेच!

राहिला तुझा प्रश्न, ६०० मिलिमीटरची लेन्स घेऊ का. इतक्यात घेऊ नकोस. ती जड असते, आकाशाचा तुकडा आणखी लहान होतो, आणि आज ४०० वर जे सुटतंय ते तिच्यावर जास्तच सुटेल. घारीचा डोळा सहज मिळायला लागला आणि तरीही पक्षी लहानच येतोय असं वाटलं, तर आधी एखाद्या शनिवार-रविवारपुरती भाड्यानं आण आणि दोन तास हातात धरून बघ. मग बोलू. आणि पुढचे फोटो मोबाइलवरून आकसून नको पाठवूस, मूळ फाइल पाठव. शटर स्पीड किती होता ते मला दिसायला हवं, तुझ्या आठवणीवर माझा विश्वास नाही.

तुझी,
सुनीता