अधांतरवाडीच्या नकाशाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

मनूसाठी तुम्ही रचताय त्या गोष्टीतल्या अधांतरवाडीचा, बाबांनी काढलेला नकाशा मोठा करून निवांत पाहिला. आई, तुझा तो हवेत तरंगता कडा मला फार आवडला. जादू तेवढी एकच ठेवा. पाणी, ऊन, माती आपल्या जगातली राहू द्या. कडा तरंगतो कसा, असं मनू विचारणार नाही. नदी चढावर कशी गेली, हे मात्र नक्की विचारेल.

बाबा, आधी नदीच बघा. तुमच्या तळ्यातून दोन नद्या निघतात. तळं भरलं की काठाच्या सगळ्यात सखल जागेवरून पाणी सांडतं, ती वाट कापत जातं, पातळी उतरते आणि दुसरी वाट कोरडी पडते. म्हणून एकच ठेवा. डोंगरात ओढे नदीला येऊन मिळतात. नदीचे फाटे बहुतेक समुद्राजवळच्या सपाटीत होतात. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, ओढा ओलांडते तिथे तिचं टोक उगमाकडे वळायला हवं. तुमच्याकडे ते खाली वळलंय, त्यामुळे ओढ्याच्या जागी डोंगराची सोंड झाली आहे.

गावठाण तुम्ही काळीत, म्हणजे शेतीच्या काळ्या जमिनीत बसवलंय, ते पांढरीवर, म्हणजे घरांसाठीच्या पांढुरक्या जमिनीवर सरकवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात. शिवाय पिकाची जमीन घरांखाली कोण घालवेल? नदीच्या वळणात बाहेरचा काठ ढासळतो आणि आतल्या वाळूच्या काठावर पूर चढतो, म्हणून घरं दोन्हींपासून दूर, जरा उंचावर हवीत. पाणवठ्यांचा क्रम प्रवाहाच्या दिशेने लावा: वर पिण्याचं पाणी, मग धुणं, मग गुरं आणि सगळ्यात खाली स्मशान.

डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा थरांचा असेल, तर झरे कुठेही टाकू नका. मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि उतारावर बाहेर येतं. थर जवळजवळ आडवे असतात, त्यामुळे झरे साधारण एकाच उंचीवर, ओळीने दिसतात. आई, तुझी यक्षीण त्या ओळीवर राहू दे. उन्हाळ्यात पाणी तिथेच असेल.

आता कडा. तो 300 मीटर रुंद, तळ जमिनीपासून 500 मीटर वर आणि गाव 18 अंश उत्तर अक्षांशावर, असं धरते. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंश वर असतो, म्हणजे तळाची सावली कड्याच्या 440 मीटर उत्तरेला पडेल. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस ती बरोबर खाली येईल, जूनच्या उत्तरार्धात जेमतेम 50 मीटर दक्षिणेला. म्हणून रब्बीची शेतं उत्तरेकडच्या त्या पट्ट्यात नकोत. ऐन वाढीत दुपारचं ऊन अडेल. सावलीची कड रेघेसारखी काढू नका. सूर्य टिंब नाही, थाळी आहे. एवढ्या उंचीवरून कड सहा-आठ मीटर पुसट होते.

पावसाळ्यात कड्याच्या कडेने पाणी गळेल. घराच्या पागोळ्यांखाली अंगणात चर पडते ना आई, बारीक खडे उघडे पडलेली, तशीच इथेही पडेल, पण ओढ्याएवढी. वारा पश्चिमेचा, त्यामुळे पाऊस तिरका येईल आणि कोरडा पट्टा बरोबर खाली न राहता पूर्वेला सरकेल. खळं आणि कडब्याची गंज तिथे ठेवा. कडा पडेल म्हणून गावकरी घाबरत असतील, तर घरं मात्र तिथे नकोत!

शेती फारच कमी दाखवली आहे. चाळीस घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे दोनशे जण. माणशी वर्षाला 150 किलो धान्य धरलं, तर 30 टन लागेल. कोरडवाहूत हेक्टरी एक टन पिकतं असं मानलं तर 30 हेक्टर. बी-बियाणं आणि नासाडी धरून 40. तुमच्या प्रमाणात 1 सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला एक हेक्टर. मी मोजली, शेतं जेमतेम 12 चौरस सेंटिमीटर भरली. गायरान वेगळं.

बाजाराचं गाव डोंगरापलीकडे आहे. सपाटीवर माणूस तासाला पाचेक किलोमीटर चालतो, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. आठ किलोमीटर आणि 600 मीटर चढ, म्हणजे जायलाच अडीच तासांहून जास्त. भाजीवाली पहाटे अंधारातच निघाली पाहिजे.

बाबा, नवा कागद दुप्पट मोठा घ्या, डोळ्यांना ताण नको. पेन्सिल मऊ, आणि क्रम असा: आधी डोंगर, मग पाणी, मग कड्याच्या दोन सावल्या तुटक रेघेने, डिसेंबरची आणि जूनची. घरं सगळ्यात शेवटी.

तुमची लेक