राखेचं वजन आणि दूधवाल्याचा प्रश्न

संपादक महोदय,

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा विषारी कचरा इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावात जाळला, त्याच्या राखेला लोक घाबरतात. त्यावर आपल्या एका वाचकाने 'विज्ञान न कळणाऱ्यांची ओरड' असं लिहिलं आहे. त्यांना हसणार नाही, कारण मीही हेच म्हणत होतो.

पीथमपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढली. थिनरच्या वासातच डबा खाल्ला. सुदामा नगरहून राऊमार्गे रोज मोटरसायकल, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा हुकूम लागू झाला, तेव्हा मागच्या अनोळखी पोराचं हेल्मेट मागून पंपावर उभे राहणाऱ्यांत मीही होतो. (घरी अजून सांगितलेलं नाही.)

तर २ जानेवारी २०२५ च्या पहाटे भोपाळहून युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून आला आणि पीथमपूर भडकलं, तेव्हा मी आमच्या दूधवाल्याला शहाणपण शिकवायला गेलो. तो तारपुऱ्याचा, कचरा जाळायची भट्टी त्या गावाला लागूनच. म्हटलं, १९८४ चा माल, चाळीस वर्षांत जोर उतरला, हायकोर्टाचा आदेश आहे. त्यापेक्षा तुझी बिडी वाईट. त्याने माप ओतता ओतता विचारलं, "बाबूजी, इतना ही सादा था तो रात में पुलिस और एम्बुलेंस के साथ क्यों लाए? भोपाल में ही क्यों नहीं जला दिया?"

मी गप्प. बिडी तो स्वतः पेटवतो, नको वाटली की विझवतो. हेल्मेट मीच काढलं होतं. भट्टीचं त्याला कुणी विचारलंच नाही. चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये हिशेब मांडला होता, की आपखुशीने घेतलेला धोका माणसं लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट चालवून घेतात. पण आपखुशी तरी कशाला म्हणायची? ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात फरशी खचून ३६ माणसं गेली, ती आपल्या पायांनीच तिथे आली होती. फरशीखाली बावडी, म्हणजे जुनी विहीर, आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

जून २०२५ अखेर सगळं जाळून झालं, धूर मर्यादेत होता असं सांगितलं गेलं. मी ते खोटं म्हणत नाही. पण जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने जास्त भरली, आणि ती कुठे गाडायची यावरून वाद उभा राहिला. निदान या वेळी तारपुऱ्याच्या चौकात हिंदीत फलक लावा, विहिरींचं पाणी गावकऱ्यांसमोर बाटल्यांत भरून त्यांनी सांगितलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. खर्च बारा कंटेनरांच्या बंदोबस्ताइतका नक्कीच येणार नाही.

दूध आम्ही अजून त्याच्याकडूनच घेतो. गेल्या महिन्यापासून सौ. विचारते, त्याच्या म्हशी कुठलं पाणी पितात. मी काहीतरी थातूरमातूर सांगून पेपर उघडतो.

आपला,
एक निवृत्त कामगार, सुदामा नगर, इंदूर