ग्लासावरचा चमचा

मिरज, रविवार रात्र

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा कॅफेतला तुझा गाण्याचा कार्यक्रम ऐकून रात्रीच्या गाडीने परत आले. "कसा झाला?" असं तू स्टँडवर तीनदा विचारलंस आणि मी तीनदा "छान झाला" म्हणाले. रिक्षावाल्याची घाई, हातात पिशव्या, तिथे काय बोलणार? आता सगळं आवरलंय, बाबा झोपलेत, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले तर तू "हो गं, हो गं" करत दोन मिनिटांत गुंडाळशील.

गिटारवर हात छान चालतो तुझा. आवाजाचीही मला काळजी नाही. गाण्यांची निवड चुकली.

लग्नाआधी सहा वर्षं मी ऑर्केस्ट्रात गात होते, हे तुला माहीत आहे. पण गणपतीच्या मांडवात निवेदक मला स्टेजवर कसा बोलवायचा, ते कधी सांगितलं नाही. "आणि आता येत आहेत, व्हॉइस ऑफ लता!" टाळ्या पडायच्या. माझं नाव त्यानंतर, घाईघाईत. कधी तेही राहून जायचं. आमच्यात व्हॉइस ऑफ किशोर होता, व्हॉइस ऑफ मुकेश होता. नियम एकच, गाणं हुबेहूब कॅसेटसारखं झालं पाहिजे. रिहर्सलला आम्ही गाणारी मंडळी तासन् तास नुसती बसून असायचो, कारण सगळा वेळ म्युझिकचे पीस बसवण्यात जायचा. अकॉर्डियनवाला एका पीससाठी दहा वेळा कॅसेट मागे-पुढे करायचा. त्या काळी ते बरोबरच होतं. लोक कॅसेटच ऐकायला यायचे आणि ती हुबेहूब वाजवायला आम्ही चौदा-पंधरा जण होतो.

तू एकटा आहेस. एक गिटार, एक माइक. आणि तरी तू आमच्याच परीक्षेला बसलास.

'याड लागलं' घे. अजय-अतुलनी 'सैराट'च्या (2016) संगीतासाठी हॉलिवूडमध्ये जाऊन तिथला अख्खा वाद्यवृंद बसवला होता. त्या गाण्यात व्हायोलिनांचा लोंढा येतो ना, तिथे तू परवा तोंडाने "रा रा रा" केलंस. मला कसंनुसं झालं रे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तेवढ्यात मोबाइल हातात घेतला. गाणं वाईट नाही, तू वाईट गायला नाहीस, पण त्या गाण्याचा अर्धा जीव त्या वाद्यवृंदात आहे आणि तो तुझ्या सहा तारांत मावत नाही. शिवाय अजयचा सूर गाठायला तू अंतऱ्यात मान वर केलीस. मान वर गेली की गळा आवळला, हे मला मागच्या टेबलावरूनही दिसतं.

गाणं निवडायची माझी परीक्षा साधी आहे. सकाळी पोळ्या लाटताना ते म्हणून बघायचं. पोळपाटाचा आवाज सोडला तर साथ काही नाही. मुखडा, अंतरा, परत मुखडा. मनात दोनदा "इथे म्युझिक आहे" असं म्हणायची वेळ आली तर गाणं सोडून द्यायचं. चाल आणि शब्द एवढ्यावर उभं राहिलं तर ते तुझं. तू पोळ्या लाटत नाहीस. आंघोळ करताना म्हण.

आता 'चुरा लिया'ची गंमत सांगते. 1973 सालचं गाणं, 'यादों की बारात'मधलं, पंचमदांचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं. सुरुवातीला ग्लासावर चमचा वाजतो, मग गिटार. ती गिटार भूपिंदर सिंगांनी वाजवलेली, पुढे गझला गाणारे तेच. आमचा कोंगोवाला त्या एका आवाजासाठी घरून काचेचा ग्लास आणायचा, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. स्टेजमागे बसून त्यात पाणी ओतायचा, चमच्याने वाजवायचा, अकॉर्डियनला सूर विचारायचा, परत दोन घोट पाणी प्यायचा आणि परत वाजवायचा. एकदा सांगलीला कुणीतरी तहान लागली म्हणून तो ग्लास पिऊन टाकला. त्या रात्री 'चुरा लिया' ग्लासाशिवाय झालं आणि आमच्या मालकांनी आठ दिवस कोंगोवाल्याशी अबोला धरला.

परवा तू ते गाणं घेतलंस तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता हा तोंडाने टिणटिण करणार. तू काहीच केलं नाहीस. नुसती तार छेडून थांबलास. आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या त्या टकल्या गृहस्थांनी कोल्ड कॉफीच्या ग्लासावर चमचा वाजवला! तुझी पाठ होती, तुला वाटलं वेटर काही आवरतोय. मी बघत होते. त्यांच्या बायकोने त्यांच्या दंडावर चापट मारली आणि पुढच्या वेळी तिनेच वाजवला. सगळ्या संध्याकाळीत तुझी एवढीच तीन मिनिटं सोन्याची होती. जे तू गाळलंस ते त्यांनी भरलं. पण भरायला ते त्यांच्या डोक्यात आधीपासून असावं लागतं. म्हणून नवं, लोकांना माहीत नसलेलं गाणं घेशील तेव्हा त्यात गाळलेली जागा ठेवू नकोस. ओळखीच्या गाण्यात खुशाल ठेव.

'नीले नीले अंबर पर' तर ठेवच. गिटारच्या क्लासात सगळे तेच शिकतात म्हणून तू नाक मुरडतोस. 1983 चा तो 'कलाकार' चित्रपट आता कुणाला आठवतो? गाणं मात्र गिटारसकट जिवंत आहे. मराठीत मिलिंद इंगळ्यांचं 'गारवा' घे. त्यात गाण्याआधी सौमित्रच्या ओळी नुसत्या बोलायच्या असतात. दोन कॉर्डवर सावकाश बोलून बघ, तुझा बोलायचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा बरा आहे. (रागावू नकोस, बाबांचाही तसाच आहे.)

सुराचं बोलू. तू मूळ गाण्याच्याच पट्टीत गातोस, का तर इंटरनेटवर कॉर्ड त्या पट्टीतले सापडतात. आम्हाला पेटीवाला पहिल्या दिवशी विचारायचा, "ताई, तुमची पट्टी कुठली?" माझी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी माझा सा. तुझी मला काळी एक वाटते, फार तर काळी दोन. काळी एक म्हणजे तुझ्या भाषेत सी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो, तो तारा दाबणारा चिमटा, लाव आणि सी-चे आकार धर, झाली काळी एक. कॅपो असताना गळ्याला छळायचं कारण काय? प्रत्येक गाणं आधी तुझ्या पट्टीत आण, मग ठरव घ्यायचं की नाही. नापास झालेली निम्मी गाणी तिथेच पास होतील. काही गाणी खाली आणली की मरतात, हेही खरं. ती सोडायची.

हिशेबही चुकलाय तुझा. पाऊण तासाला नऊ गाणी धरलीस, कारण मूळ गाणं पाच मिनिटांचं असतं. पण त्यातलं म्युझिक काढलं की उरतात तीन मिनिटं. म्हणून नऊ गाणी अर्ध्या तासात संपली आणि मग तू दुसरा अंतरा दोनदा गायलास. पाऊण तासाला बारा-तेरा तरी हवीत. आणि लागोपाठ सहा गाणी एकाच चार मात्रांच्या स्ट्रमिंगवर नकोत. मध्ये एखादं दादऱ्याच्या सहा मात्रांचं टाकलं की बसलेली माणसं जरा हलतात. परवा सहाव्या गाण्याला तीन टेबलांनी बिल मागवलं, मी मोजलं.

फर्माइशीच्या चिठ्ठ्यांचं तू बरं सांभाळलंस. येत नसलेलं गाणं "पुढच्या वेळी" म्हणून टाळलंस, ते योग्य. पण ती चिठ्ठी खिशात टाकलीस आणि पँट धुवायला गेली असेल. एक वही कर. एकच गाणं तीनदा मागितलं गेलं की बसवायचं. मात्र आधी आंघोळीत.

आणि शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू कर. तुमचा तो कॅफे उघड्या अंगणात आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही. परवा तुझं शेवटचं गाणं अर्ध्यात कापलं गेलं, त्यात मालकाचा दोष नव्हता. त्याच मालकाला आयपीआरएसचा परवाना काढलाय का, तेही विचारून ठेव. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची ती संस्था 1969 पासून आहे, तरी आमच्या ऑर्केस्ट्रात तिचं नाव कुणी काढल्याचं आठवत नाही. तू दुसऱ्यांची गाणी गाऊन पैसे घेतोस, तर निदान विचारावं.

आता माझं. पुढच्या महिन्यात एक गाणं मी म्हणावं असा तुझा हट्ट आहे. 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' म्हणेन. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आशाबाईंचं गाणं. सहा वर्षांत मला ते एकदाही गाऊ दिलं नाही. "ताई, पब्लिक उठतं," म्हणायचे आणि लावणी पुढे करायचे. पोळ्या लाटताना गेली पस्तीस वर्षं म्हणतेय, त्यामुळे परीक्षेचा प्रश्न नाही.

फक्त काळी पाच आता झेपत नाही, काळी तीनवर आलेय. कॅपो चौथ्या फ्रेटवर लाव आणि डी धर. नाही, कॉर्ड नकोच, त्या चालीला ते टोचतात. जाड तार ई-वरून डी-वर उतरव म्हणजे खर्जातला षड्ज, खालचा सा, मिळेल. मग नुसते षड्ज-पंचम सावकाश छेडत राहा, तंबोऱ्यासारखे. आपल्या गल्लीतल्या तंबोरेवाल्यांची जवारी लहानपणापासून ऐकलीयस, तसा झंकार गिटारवर येणार नाही, पण घाई केली नाहीस तर चालेल. दुसऱ्या अंतऱ्याआधी मला दम घ्यावा लागेल. तिथे काही वाजवून भरायला जाऊ नकोस.

डिंकाचे लाडू डब्यात खाली आहेत, वर चिवडा आहे.

तुझी,
आई